छातीवर हुकूम कुणाचा?

‘ब्रा’ हा शब्द छापला की वर्तमानपत्राचे पान विटाळते, असे मानणारे वाचक आमच्या चळवळीतही आहेत. हा विटाळ कोणत्या परंपरेतून आपल्या डोक्यात आला, हे त्यांनी एकदा तपासावे. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीपुरुषांच्या शरीराविषयी उघड लिहीत होते, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. त्यातल्या १९३४च्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. ज्या विषयासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, त्यावर त्यांच्या लेकींनी चारचौघांत बोलू नये, हा कुठला न्याय?

विषय साधा आहे. आमच्यातल्या काही बायकांनी ब्रा घालणे सोडले आहे. काहींनी घरापुरते, काहींनी उन्हाळ्यापुरते, तर काहींनी कायमचे. कुणी शिक्षिका आहे, कुणी नर्स, कुणी चार घरची धुणीभांडी करते. कारण विचाराल तर सगळ्यांचे एकच, त्रास होतो. मे महिन्यात पत्र्याच्या घरात, चुलीसमोर किंवा गॅससमोर दोन तास उभे राहून पाहा. इलॅस्टिकच्या पट्ट्याखाली घाम साचतो, घामोळे उठते, खाज सुटते. खांद्यावर पट्टीचे वळ पडतात आणि वजनदार छातीच्या बाईला तर तिथे खाचाच पडतात. तार असलेली ब्रा असेल तर तार बरगडीत रुतते. ब्रा काढल्यावर बाई जो श्वास सोडते, तो प्रत्येक घरात रोज संध्याकाळी सुटतो. फक्त पुरुषांना तो ऐकू येत नाही.

या बायकांना सर्वांत कडक विरोध कुणाचा झाला? बुवाबाबांचा नाही, त्यांना आमच्या दारात प्रवेशच नाही. विरोध झाला तो आपल्याच महिला मंडळातून, आणि तोही इतिहासाचा दाखला देऊन. असे सांगण्यात आले की, छाती झाकण्याच्या हक्कासाठी त्रावणकोरच्या बायकांनी मार खाल्ला, घरे जाळून घेतली, आणि तुम्ही झाकलेली छाती मोकळी सोडता? हा आक्षेप हलका नाही. तो घेणाऱ्या भगिनींबद्दल आमच्या मनात आदर आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

तो इतिहास पुन्हा एकदा पाहू. त्रावणकोर संस्थानात नाडर, म्हणजे त्या वेळच्या भाषेत शाणार किंवा चन्नार, जातीच्या बायकांना कमरेच्या वर वस्त्र घेण्याची मनाई होती. वरच्या जातीच्या माणसासमोर छाती उघडी ठेवणे हाच त्याचा ‘मान’ समजला जाई. १८२२पासून १८५९पर्यंत हा संघर्ष तीन वेळा पेटला. बाजारात बायकांची वस्त्रे फाडली गेली, वस्त्यांवर हल्ले झाले. अखेर २६ जुलै १८५९ रोजी संस्थानाला जाहीरनामा काढावा लागला. पण त्या जाहीरनाम्यातली मेख किती जणांना ठाऊक आहे? चन्नार बायकांनी अंग झाकावे, परंतु वरच्या जातीच्या बायकांसारखे वस्त्र घेऊ नये, अशी अट त्यात होतीच. म्हणजे झाकायला परवानगी मिळाली, पण कसे झाकायचे याचा हुकूम संस्थानाने आपल्याच हातात ठेवला. (हा सगळा धडा नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात होता. एनसीईआरटीने २०१९ साली तो काढून टाकला. ओझे कमी करण्यासाठी, म्हणे.)

आता त्याच मुलखातली दुसरी गोष्ट. पुलया जातीच्या बायकांना अंगावर वस्त्र नव्हते, पण गळ्यात दगडी मण्यांच्या जड माळा घालण्याची मात्र सक्ती होती. १९१५ साली कोल्लम येथे अय्यनकालींच्या पुढाकाराने सभा भरली. बायकांनी त्या माळा तोडून तिथेच टाकल्या. माळांचा ढीग झाला.

चन्नार बायकांनी घातले आणि पुलया बायकांनी काढून टाकले. दोन्ही आमच्याच पूर्वजा. मग त्यांची लढाई कापडाची होती, असे म्हणता येईल काय? कापडच पवित्र असते तर माळा तोडणाऱ्या चुकल्या असे म्हणावे लागेल. बाईच्या छातीवर काय असावे आणि काय नसावे, हे दुसरा कुणी ठरवतो, याविरुद्धची ती लढाई होती. ‘घालू नको’ हा जसा हुकूम, तसा ‘घातलीच पाहिजे’ हाही हुकूमच. शिवाय ब्रा न घालणारी बाई उघडी नसते, हे वेगळे सांगायला हवे काय? तिच्या अंगावर ब्लाऊज असतो, पदर असतो, कुर्ता असतो, ओढणी असते. तिने काढलेला असतो तो फक्त आतला आवळणारा पट्टा.

आपल्या मातीतला दाखलाही आहे. डिसेंबर १९२७मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब खास बायकांशी बोलले. लुगडे वरच्या वर्गातल्या बायकांसारखे नेसा, जात ओळखू येईल असे गळ्या-हातांतले कथलाचे आणि चांदीचे जड दागिने टाकून द्या, फाटके असले तरी स्वच्छ राहा, असा त्यांचा उपदेश होता. अनेकींनी नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली. यावर कुणी म्हणेल, बघा, बाबासाहेबांना बायका नीटनेटक्या हव्या होत्या. होय, हव्या होत्या, आणि आम्हालाही ते मान्य आहे. ज्या समाजाच्या बाईला कुणीही काहीही बोलत असे, त्या समाजातली पहिली पिढी ऑफिसात गेली तेव्हा इस्त्रीची साडी आणि नीट बसलेला ब्लाऊज हे तिचे चिलखत होते. ते चिलखत आजही जिला लागते तिने जरूर घालावे. तिला मागासलेली म्हणण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. पण त्याच भाषणात अंगावरचे ओझे उतरवायलाही सांगितले होते, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप असा की, हे पाश्चात्त्य फॅड आहे. या आक्षेपाचे मात्र हसू येते. आजच्या ब्रेसियरच्या एका आद्य नमुन्याचे पेटंट १९१४ साली अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईने घेतले. पोट आणि छाती करकचून आवळणारे कॉर्सेट तिला नको होते, म्हणून तिने दोन रुमाल आणि रिबिनी जोडून ते बनवले. म्हणजे ब्रा जन्मली तीही आरामासाठीच! ती आपल्याकडे आली शहरातून, सिनेमातून, दुकानातून. १४ ऑक्टोबर १९५६ला पांढरी लुगडी नेसून नागपूरला पायी आणि रेल्वेने गेलेल्या आमच्या आज्यांपैकी कितीजणींना ब्रा ठाऊक होती? त्या पुढे गाठ मारायची चोळी घालत. गाठ सैल करता येत असे, घट्ट करता येत असे, मूल पाजताना सोडता येत असे. त्या आज्यांना कुणी निर्लज्ज म्हटले तर आपण खपवून घेऊ काय? मग नातीने तेच केले तर ती पाश्चात्त्य कशी झाली? अमेरिकेतल्या बायकांनी १९६८ साली अटलांटिक सिटीत ब्रा जाळल्या, ही कथाही अर्धवट आहे. सौंदर्यस्पर्धेच्या निषेधात त्यांनी ब्रा, उंच टाचांचे बूट, झाडू वगैरे कचऱ्याच्या पिंपात टाकले. जाळले काहीच नाही. आग वर्तमानपत्रांनी लावली.

आता आरोग्याचे बोलू. इथे आम्हाला दोन्ही बाजूंच्या थापा दूर कराव्या लागतील. चळवळीच्या माणसाने सोयीची थापसुद्धा मारू नये.

पहिली थाप, ब्रा घातली नाही तर छाती ओघळते. स्तनामध्ये स्नायू नसतो. चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात; स्नायू असतो तो त्यांच्या मागे. वय, वजनातले चढउतार, बाळंतपणांची संख्या, धूम्रपान आणि मुळातला आकार यांनी स्तन ओघळतात, असे अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या डॉक्टरांना आढळले. अंगावर पाजल्याने ते ओघळत नाहीत, हेही त्याच अभ्यासात दिसले. पोरीने बाळाला पाजू नये म्हणून तिला भीती घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. फ्रान्समधल्या बेझाँसों येथील डॉ. रुईयाँ यांनी २०१३ साली सांगितले की, त्यांनी पाहिलेल्या तरुण मुलींना ब्राचा काही उपयोग होत असल्याचे दिसले नाही. पण ही पाहणी काही शेकडा तरुणींपुरती होती आणि सगळ्या बायकांना ती लागू करू नका, असे त्यांनीच बजावले होते. तेवढ्यावरून ब्रा निरुपयोगी ठरत नाही. ओघळण्याची भीती मात्र पोकळ ठरते.

दुसरी थाप उलट्या बाजूची, ब्राने कॅन्सर होतो. १९९५ साली अमेरिकेत एका पुस्तकाने ही आवई उठवली आणि ती अजून फोनवरून फिरते आहे. अमेरिकेतल्या सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्राने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळी गेलेल्या बायकांकडून किती तास ब्रा घालता, कोणत्या वयापासून घालता, तार आहे की नाही, हे सारे विचारले गेले. कॅन्सरशी संबंध आढळला नाही. तेव्हा कॅन्सरच्या भीतीने कुणी ब्रा टाकू नये आणि ब्रा टाकली म्हणून कॅन्सरपासून वाचलो, असेही कुणी समजू नये.

मग खरे काय? घट्ट ब्रा, दमट हवा आणि घर्षण यांनी स्तनाखालच्या घडीतली त्वचा सोलवटते आणि तिथे बुरशी धरते. पाजणाऱ्या बाईच्या छातीवर घट्ट पट्टा किंवा तार दाबली गेली तर दूध तुंबून गाठ होऊ शकते. आणि आपल्या वस्त्यांतला सर्वांत मोठा गुन्हेगार आहे दोरी! ब्रा दोरीवर उघडी वाळत घालायची नाही, साडीच्या किंवा टॉवेलच्या खाली लपवायची, नाहीतर मोरीतल्या खिळ्याला अडकवायची. ती वाळतच नाही. दोनच असतात, त्यातली एक ओली. बाई ओलसरच अंगात चढवते आणि कामाला पळते. मग गजकर्ण उठते. लाजेने डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणते आणि ते आणखी चिघळते. गंजी, अंडरपँट भर चौकात फडफडते आहे आणि बाईची ब्रा मोरीत कुजते आहे, ही व्यवस्था कुणी केली? ज्या बायका ब्रा घालणार आहेत त्यांच्यासाठीही आमची मागणी आहे की, ती उन्हात, उघड्यावर वाळली पाहिजे.

ज्यांना आधार लागतो त्यांनी तो जरूर घ्यावा. छाती जड असेल, मान-खांदे दुखत असतील, धावण्या-खेळण्याचे काम असेल, पाळीच्या आधी छाती दुखत असेल, ऑपरेशन झाले असेल, तर नीट मापाची ब्रा हे औषधच आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या आमच्या मुलींना चांगली स्पोर्ट्स ब्रा मिळाली पाहिजे. ती चैन नाही. त्यांच्या अकादमीच्या फीचा हिशेब करणाऱ्या बापांनी बुटांबरोबर तिचेही पैसे धरावेत. मापाचे तर विचारूच नका. दुकानात काउंटरवर पुरुष, आजूबाजूला गर्दी. बाई खालमानेने आकडा पुटपुटते आणि कागदात गुंडाळलेले घेऊन पळते. दहा वर्षांपूर्वीचा आकडा, दोन बाळंतपणांच्या आधीचा. मग ती रुतणार नाही तर काय होईल?

लाजेचा खरा हिशेब मात्र वेगळाच आहे. भारतातल्या बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. निम्म्या बायकांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासली. मशीन नाही, खर्च नाही. २०२१ साली निष्कर्ष आले, पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. या बायका कोण? धारावी-मानखुर्दसारख्या वस्त्यांतल्या असतात तशाच, आपल्याच. जी बाई स्वतःच्या छातीकडे आरशात पाहत नाही, आंघोळ करताना हात लावायला लाजते, तिला गाठ कळते तेव्हा गाठ लिंबाएवढी झालेली असते. तिला वाचवायला ब्राची चर्चा पुरणार नाही, हे आम्हालाही कळते. पण ज्या अवयवाचे नावच घेता येत नाही, त्यातले दुखणे ती कुणाला सांगेल?

बंधूंनो, आता थोडे तुमच्याशी. जुलै २०२१मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटतानाचा व्हिडिओ टाकला, तेव्हा पोळ्या सोडून लोकांनी त्यांच्या छातीवर शेरे मारले. त्यांनी ‘बाई, बुब्स आणि ब्रा’ हा लेख लिहून ठणकावले. त्या प्रसिद्ध आहेत, त्यांच्या बाजूने बोलायला माणसे उभी राहिली. वस्तीतल्या बाईच्या बाजूने कोण उभे राहते? नळावर पाणी भरताना तिच्या छातीकडे टक लावून पाहणारा तोच असतो आणि ‘हिची चाल बरी नाही’ म्हणणाराही तोच असतो. वरच्या जातीतल्या, मोठ्या घरच्या बाईने ब्रा घातली नाही तर ती आधुनिक आणि आमच्या बाईने घातली नाही तर ‘यांच्या बायका अशाच’. हा दुसरा शेरा मनुवाद्यांचा आहे. तो आपल्या तरुणांच्या तोंडी येऊ लागला तर जयभीम म्हणण्याचा त्यांना काय अधिकार?

ही अडचण खरी असल्यामुळेच आम्ही कुणाला ‘उद्यापासून ब्रा टाका’ असे सांगत नाही. जिला लोकलमध्ये, एसटीत, साहेबाच्या केबिनमध्ये नजरांशी रोज झगडावे लागते, तिचा निर्णय तिने घ्यावा. ब्राशिवाय जाणाऱ्या आमच्यातल्या काहीजणी जाड कापडाचा कुर्ता घालतात, काही ब्लाऊजला आतून सुती अस्तर लावून घेतात, काही नुसती सुती बनियन घालतात. शिंपीण ओळखीची असेल तर आजीच्या चोळीसारखा, पुढे गाठीचा ब्लाऊजही शिवून मिळतो. घरात मात्र कुणाची परवानगी? दीर आहे, सासरा आहे, म्हणून रात्री झोपतानाही ब्रा न काढणाऱ्या सुना आमच्या वस्त्यांत आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात, हे आम्हाला माहीत आहे. तिथे सासऱ्याने मान वळवावी, दिराने खाकरून आत यावे. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे ना, मग सून अंग आवळून झोपते याची लाज तिला नको, घराला वाटली पाहिजे.

आणि पोरींचे काय? अकरा-बारा वर्षांची झाली नाही तोच आई तिला घट्ट ब्रा चढवते आणि वर ओढणी. दप्तर, इलॅस्टिक, ओढणी, आणि ‘वाकून चालू नको, ताठ चालू नको’. ती मुलगी कबड्डी सोडते. तिला आईने विचारावे, तुला टोचते काय? सुती शमीज चालत असेल तर तीच द्यावी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून बाजू मांडली. कष्टकरी बाईच्या शरीराला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. तेव्हाही हा बायकांचा खाजगी मामला आहे, असे म्हणणारे होतेच.

आता एक मागणी आयोजकांकडे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्या आमच्या बायाबापड्या दोन-दोन दिवस जनरल डब्यातून प्रवास करून येतात, शिवाजी पार्कवर धुळीत रात्र काढतात, तासन्‌तास रांगेत उभ्या राहतात. त्या अवधीत एकदाही त्यांच्या अंगावरचा पट्टा सैल होत नाही, कारण चहूबाजूंनी माणसे. पुस्तकांचे स्टॉल, भोजनदान, आरोग्य शिबिरे आपण उत्तम चालवतो. त्यातल्याच चार संघटनांनी एकत्र येऊन बायकांच्या मुक्कामासाठी चारी बाजूंनी कनात लावलेला एक मंडप उभा करावा. दारावर महिला स्वयंसेविका, आत चटया, पाण्याची टाकी, आणि छाती तपासून दाखवणारी एखादी नर्सताई. कपडे वाळत घालायला मंडपात एक दोरीही बांधावी. त्या दोरीवर टॉवेल टाकायची गरज पडणार नाही.